लोडरची मोटर ताकदवान केली, आणि आता बोर्ड सारखा रिसेट होतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. पाती फिरवून बॉल ढवळणारा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा जुन्या धाटणीचा पेंटबॉल लोडर (बंदुकीवर बसणारा, बॉल पुरवणारा डबा) आहे. मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, भराभर चालवला की नळीत बॉल कमी पडतात, म्हणून मोटर बदलली किंवा बॅटरी चढवली. हॉपर, म्हणजे लोडरचा बॉल भरायचा भाग, रिकामा असताना पाती सुसाट फिरते. दोनशे बॉल भरले की मात्र एक झटका बसतो, एलईडी विझून पुन्हा पेटतो, पुन्हा झटका, पुन्हा विझतो. काही लोडरमध्ये उलटाच प्रकार: मोटर एकदा सुरू झाली की थांबायलाच तयार नाही.

पहिल्या प्रकारात बोर्ड खराब झालेला नसतो, त्याला उपाशी ठेवलेले असते. मोटर आणि बोर्डाचे डोके एकाच बॅटरीच्या एकाच तारेवर जेवतात, आणि मोटर सुरू होताना ताट पुढे ओढून घेते. त्यामुळे व्होल्टेज वाढवण्याआधी आहे ते व्होल्टेज वाटेत कुठे गळते हे शोधावे लागते. बहुतेक लोडरमध्ये तेवढ्यानेच काम भागते.

मोटरपर्यंत खरे किती पोहोचते

थांबलेल्या मोटरमध्ये उलटे व्होल्टेज तयार होत नसते, त्यामुळे करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स असतो. पाती बॉलांमध्ये अडकली तरी स्थिती तीच. म्हणून पहिले माप वाइंडिंगचे घ्या. मोटरची एक तार सोडवा, मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जे काही दाखवेल ते वजा करा. मग शाफ्ट थोडा थोडा फिरवत आठ-दहा जागी माप घ्या आणि सर्वांत कमी आकडा धरा. ब्रश दोन पट्ट्यांच्या मध्ये आला की माप फसवे येते, म्हणून एकाच मापावर विसंबू नका.

समजा २.५ ओहम आले. ताज्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीचा आतला रेझिस्टन्स साधारण १.७ ओहम असतो. क्लिप आणि बारीक तारांचा ०.२ धरा, आणि बोर्डावरच्या साध्या ट्रान्झिस्टरवर अर्धा व्होल्ट जातो असे समजा. मोटर अडकली असता करंट ८.५ भागिले ४.४, म्हणजे १.९ अँपिअर. मोटरच्या टोकांवर उरतात ४.८ व्होल्ट. बॅटरीवर ९ लिहिलेले आहे, मोटरला मिळाले त्याच्या निम्मे.

आता तीच बॅटरी अर्धी वापरलेली घ्या: मोकळे व्होल्टेज ८, आतला रेझिस्टन्स ३ ओहम. करंट १.३ अँपिअरवर येतो, मोटरला ३.३ व्होल्ट मिळतात आणि बॅटरीच्या टोकांवर जेमतेम ४ उरतात. बोर्डावर ७८एल०५ रेग्युलेटर असेल तर त्याला आत किमान पावणेसात-सात व्होल्ट लागतात, तेव्हा कुठे तो बाहेर ५ देतो. चारातून त्याने काय द्यायचे? मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचे डोके, झोपतो, मोटर सुटते, बॅटरी सावरते, मायक्रोकंट्रोलर जागा होतो, नळीत बॉल नाही असे बघतो आणि पुन्हा मोटर लावतो. तो झटक्यांचा खेळ म्हणजे हेच चक्र.

मीटरवर हे नीट दिसत नाही, कारण खड्डा पन्नास-शंभर मिलिसेकंदांचा असतो आणि साधा मीटर सेकंदाला दोन-तीनच मापे घेतो. मीटरला किमान मूल्य पकडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर पाती बोटाने दोन सेकंद, त्याहून जास्त नाही, अडवून धरा आणि तेवढ्यात तीन जागी माप घ्या: बॅटरीच्या टोकांवर, मोटरच्या टोकांवर, रेग्युलेटरच्या इनपुटवर. पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तारा आणि ट्रान्झिस्टरने खाल्लेले व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर काम तिथून सुरू करा.

एक गोष्ट इथेच. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ९ व्होल्टची बॅटरी मागितली की बहुतेकदा ६एफ२२ हातात पडते. ती झिंक-कार्बन असते. रिमोट आणि मल्टिमीटरला ठीक आहे, पण तिचा आतला रेझिस्टन्स अल्कलाइनच्या कितीतरी पट असतो आणि त्यावर लोडरची मोटर चालत नाही. अल्कलाइनवर ६एलआर६१ असे लिहिलेले असते. बोर्डाला हात लावण्याआधी एवढे वाचून घ्या.

यूएसबीने चार्ज होणाऱ्या ९ व्होल्ट आकाराच्या लिथियम बॅटऱ्यांची गंमत वेगळी. आत संरक्षण सर्किट असते आणि त्याची करंटमर्यादा बहुधा मोटरच्या सुरुवातीच्या धक्क्यापेक्षा कमी असते. मोटर लागताक्षणी बॅटरी स्वतःला बंद करते आणि लोडर पूर्ण मेल्यासारखा दिसतो. बॅटरी काढून पुन्हा लावली की जिवंत. असे होत असेल तर दोष बॅटरीचा आहे, बोर्ड उघडू नका.

आधी यंत्र, मग इलेक्ट्रॉनिक्स

रिकाम्या हॉपरमध्ये मोटर किती करंट घेते ते बघा. छोट्या ब्रश मोटरला गिअरसकट साधारण १५० ते २५० मिलिअँपिअर पुरतात. रिकाम्यातच ४०० च्या वर जात असेल तर गिअरमध्ये वाळलेला रंग बसलेला आहे. पेंटबॉलचा रंग मुख्यतः पॉलिइथिलिन ग्लायकॉलचा, म्हणजे पाण्यात विरघळणारा असतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कपड्याने तो निघतो, दातांमधला रंग जुन्या टूथब्रशने काढा. पेट्रोल, थिनर किंवा गंज सोडवायचा स्प्रे पॉलिकार्बोनेटच्या कवचाला लावू नका. आज चकचकीत दिसेल आणि काही दिवसांनी स्क्रूच्या भोवती केसासारख्या चिरा पडतील. गिअरला सिलिकॉन ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढे, बस.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या हवेत, जिलेटिनचे कवच ओलावा ओढते आणि बॉल फुगतात, एकमेकांना चिकटतात. ०.६८ इंचाचा बॉल म्हणजे १७.३ मिलिमीटरचा. फुगलेला बॉल नळीच्या तोंडाशी अडला की कितीही ताकदीची मोटर तो फोडेल, ढकलणार नाही.

आणखी एक हिशेब आधीच मांडलेला बरा. ढवळणारा लोडर बॉल ढकलत नाही, फक्त गुठळी फोडतो. बॉल पडतात ते स्वतःच्या वजनाने. स्थिर बॉलला स्वतःच्या व्यासाएवढे खाली यायला साधारण ५९ मिलिसेकंद लागतात. त्यात मार्करमधल्या पुढेमागे होणाऱ्या बोल्टने वाट अडवण्याचे २५ मिलिसेकंद मिळवले तर ८४, म्हणजे सेकंदाला बारा बॉल. या धाटणीच्या लोडरची कमाल मजल तीच, मोटर कोणतीही बसवा. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत आता वेगमर्यादा सेकंदाला दहाच्या आसपासच असते, त्यामुळे बारा पुरतात. त्याहून जास्त हवे असतील तर स्प्रिंगच्या ताणाने बॉल ढकलणारा हॅलोच्या जातीचा लोडर घ्यावा. जुन्याला कितीही व्होल्टेज पाजले तरी तो हॅलो होत नाही.

बदल, ज्या क्रमाने करावेत त्या क्रमाने

पहिला बदल बोर्डाच्या पोटाची वेगळी सोय. यात मोटरची ताकद कणभरही वाढत नाही, पण हा केल्याशिवाय पुढचे काहीही टिकत नाही. बॅटरीची प्लस तार बोर्डावर येते तिथून दोन वाटा करा. एक वाट थेट मोटरला. दुसऱ्या वाटेवर १एन५८१९ हा शॉटकी डायोड घाला, पट्टा रेग्युलेटरच्या बाजूला, आणि डायोडच्या पुढे, रेग्युलेटरच्या इनपुट व ग्राउंडच्या मध्ये, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कॅपॅसिटर लावा. बॅटरी खाली बसली तरी डायोडमुळे कॅपॅसिटरमधला साठा मोटरकडे मागे जाऊ शकत नाही. बोर्ड १५ मिलिअँपिअर घेत असेल आणि इनपुट दोन व्होल्टने उतरलेले चालत असेल तर हा साठा १३० मिलिसेकंद पुरतो. मोटरला वेग पकडायला एवढा वेळ पुरे. ४७० चा लावलात तर ६० मिलिसेकंद मिळतात, भरल्या हॉपरला ते तोकडे पडतात. कॅपॅसिटर १० मिलिमीटर जाडीचा असतो. कवचात बसत नसेल तर आडवा झोपवून गरम गोंदाने चिकटवा, नाहीतर मार्करच्या धक्क्यांनी त्याचे पाय तुटतात.

बोर्डावरची वाट तोडताना नेमका कोणता ट्रॅक मोटरला जातो ते कंटिन्युइटीवर तपासा. कधी कधी नळीत बॉल आहे का ते बघणाऱ्या इन्फ्रारेड डोळ्याचा एलईडी मोटरच्या वाटेवरूनच पोसलेला असतो. तो चुकून त्या बाजूला राहिला तर मोटर लागताच डोळा मिणमिणतो, आणि मग रिसेट जाऊन वेगळेच दुखणे सुरू होते.

दुसरा बदल ट्रान्झिस्टर. जुन्या बोर्डांवर मोटर साध्या एनपीएन ट्रान्झिस्टरने चालते आणि दीड-दोन अँपिअरला तो धापा टाकतो. त्याजागी लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट घाला. बोर्डावर तीन पायांचा चिमुकला एसओटी-२३ असेल तर एओ३४०० बसतो: ३० व्होल्ट, ५.८ अँपिअर, गेटवर ४.५ व्होल्ट असताना रेझिस्टन्स ३३ मिलिओहमच्या आत. या पॅकेजमध्ये बहुतेक एनपीएनचे बेस, एमिटर, कलेक्टर आणि मॉस्फेटचे गेट, सोर्स, ड्रेन त्याच क्रमाने येतात, म्हणून जुना काढून नवा त्याच जागी बसतो. बेसचा १ किलोओहमचा रेझिस्टर तसाच राहू द्या. गेट आणि सोर्सच्या मध्ये मात्र १०० किलोओहमचा एक रेझिस्टर नक्की लावा. तो नसला की बॅटरी लावताना मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत गेट अधांतरी राहतो आणि पाती आपोआप उडी मारते, तेव्हा नेमके आत बोट असते.

मोठी जागा असेल तर आयआरएलझेड४४एन चालेल. दुकानात, मग ते मुंबईतले लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, आयआरएफझेड४४एन हातात पडायची शक्यता जास्त. दिसायला हुबेहूब, फरक फक्त एल आणि एफचा. एफ असलेल्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ वर तो अर्धवट उघडतो, स्वतः तापतो आणि मोटर आधीपेक्षा मंद होते. ‘मॉस्फेट घातला तर उलट ताकद कमी झाली’ ही तक्रार बहुधा या एका अक्षराची असते.

मोटरच्या दोन टोकांवर उलट दिशेने दुसरा १एन५८१९ हवाच, पट्टा प्लसकडे. मॉस्फेटच्या पोटातला डायोड हे काम करत नाही. हा डायोड उलटा लागला तर मोटर लावताच सरळ शॉर्ट होतो आणि बिचारा मॉस्फेट जातो. त्यामुळे पहिली चाचणी बॅटरीवर न करता करंट मर्यादित करता येणाऱ्या पॉवर सप्लायवर, अर्ध्या अँपिअरवर करा.

तारा सगळ्यात शेवटी आठवतात, पण फरक पहिल्या दिवसापासून जाणवतो. बॅटरी क्लिपच्या केसासारख्या तारा काढून २२ गेजच्या सिलिकॉन तारा घाला. मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून न्या.

बॅटरी: ९ पेक्षा ७.४ मोठे कसे

दोन सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) ७.४ व्होल्ट लिहिलेले बघून लोक तीन सेलकडे वळतात. वरचाच हिशेब लायपोवर करून बघा. आतला रेझिस्टन्स ०.०५, तारा ०.१, मॉस्फेट ०.०३, मोटर २.५, आणि फ्यूजचे ०.३ ओहम. अडकलेल्या मोटरचा करंट २.५ अँपिअर, मोटरला ६.२ व्होल्ट. ताज्या ९ व्होल्ट बॅटरीपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त जोर, आणि अर्ध्या वापरलेल्या बॅटरीशी तुलना केली तर सुमारे १.९ पट. शिवाय हा जोर दिवसाच्या शेवटीही जवळपास तेवढाच राहतो.

३०० ते ४५० मिलिअँपिअर-तास, २० सी (क्षमतेच्या वीसपट करंट देऊ शकणारी), एवढी दोन सेलची लायपो पुरे. ९ व्होल्टच्या बॅटरीचा खण साधारण ४८ बाय २६ बाय १७ मिलिमीटरचा असतो, लायपोचे माप त्यावरून बघूनच घ्या. कोंबून बसवलेली लायपो हे धोक्याचे काम आहे. हॉपरला बॉल लागतात, मार्कर आपटतो. पातळ फोममध्ये गुंडाळा, स्क्रूची टोके तिच्याकडे येत नाहीत ना ते बघा. सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, बॅलन्सच्या पिनेत टोचायचा छोटा बझर मिळतो तो लावा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, लक्ष ठेवून. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ वर. मे महिन्यात बंद गाडीत कधीही नाही.

लायपो ६.६ पर्यंत उतरते आणि डायोडमागे ६.३ उरतात, तेव्हा ७८एल०५ पुन्हा अडखळतो. त्याजागी एमसीपी१७०२-५००२ घाला, त्याला एवढे पुरतात. पण पाय तपासा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ७८एल०५ चा क्रम डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा आहे, आणि एमसीपी१७०२ चा ग्राउंड, इनपुट, आउटपुट. तसाच घातला तर तो लगेच चटके देऊ लागतो. शिवाय त्याची इनपुटची मर्यादा १३.२ व्होल्ट आहे, म्हणून मोटरवरचा डायोड नसताना तो लावू नये.

आता फ्यूज. अडकलेल्या मोटरमध्ये २.५ अँपिअर म्हणजे वाइंडिंगमध्ये १५ वॉट उष्णता, अंगठ्याएवढ्या मोटरला हे फार काळ झेपत नाही. प्लस तारेवर, अगदी बॅटरीजवळ, ०.७५ अँपिअर होल्डचा पॉलीफ्यूज घाला. चालू करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास असल्याने तो सुरू राहतो, मोटर अडकली तर काही सेकंदांत तोडतो आणि थंड झाला की आपणहून जोडतो. उन्हात तापलेल्या हॉपरमध्ये, ५० अंशांच्या आसपास, त्याची क्षमता सुमारे पाऊणपट होते. दुपारीच लोडर मधूनमधून बंद पडतो आणि सावलीत पाच मिनिटांनी चालतो, असे असेल तर १.१ अँपिअरचा घाला.

तीन सेलची लायपो, म्हणजे भरलेली १२.६ व्होल्ट, शक्यतो नको. व्होल्टेज दीडपट झाले की अडकलेल्या मोटरची उष्णता सव्वादोनपट होते, इथे जवळपास ३५ वॉट. बोर्डावर १० व्होल्टचे कॅपॅसिटर असतील तर ते फुगतील. करायचेच असेल तर मोटर ६ ओहमच्या वरची घ्या आणि बोर्डावरच्या प्रत्येक कॅपॅसिटरवरचा आकडा वाचा.

चार एए पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, म्हणजे ६ व्होल्टच्या लोडरला वरचे सगळे जसेच्या तसे लागू करू नका. त्यातल्या काहींच्या बोर्डावर रेग्युलेटर नसतोच, मायक्रोकंट्रोलर एका डायोडमधून थेट सेलवर असतो आणि त्याची मर्यादा बहुधा ५.५ व्होल्ट. तिथे दोन सेलची लायपो, भरलेली ८.४ व्होल्टची, जोडली तर दुरुस्त करायला काही उरत नाही. आधी मायक्रोकंट्रोलरच्या सप्लायच्या पायावर मीटर लावा. सेल ताजे असताना ५.० स्थिर दिसले तर रेग्युलेटर आहे. सेलसोबत खालीवर होत असेल तर नाही.

मोटर थांबतच नाही

हा दुसरा आजार, आणि तो डोळ्याचा. नळीच्या तोंडाशी एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर. प्रकाश पोहोचला म्हणजे बॉल नाही, मोटर लाव. बॅटरी बदलल्यावर एलईडी थेट तिच्यावर असेल तर तो जास्त तेजस्वी होतो आणि प्रकाश बॉलच्या कडेने झिरपून समोर पोहोचतो. ९ व्होल्टला ४७० ओहममधून १६-१७ मिलिअँपिअर जात होते, १२.६ ला २४ जातात. ६८० ओहम घाला, पुन्हा १७ वर येतील. लायपो ७.४ ची असेल तर उलट व्हायची शक्यता, एलईडी मंद होऊन बॉल नसतानाही मोटर लागत नाही. तिथे ३३० ते ३९० ओहम.

एलईडी जिवंत आहे का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसायला हवा. दिसला आणि तरी गडबड असेल तर पारदर्शक हॉपरमधून थेट ऊन नळीत शिरते आहे का ते तपासा. ऊन हा फोटोट्रान्झिस्टरला सगळ्यात मोठा एलईडी वाटतो. नळीभोवती काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारले की बहुतेकदा मिटते.

मोटर थांबते, पण बॉल असताना मधूनच उगाच एक हिसका देते, तर तो ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, म्हणजे १०४ छापलेला, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचाला ४७३ चा एकेक. कवचावर सोल्डरचा डाग बसत नसेल तर ती जागा पॉलिश पेपरने घासून चमकवा. डोळ्याच्या तारा मोटरच्या तारांना चिकटून नेलेल्या असतील तर दुसऱ्या बाजूने न्या.

सगळे झाले, पण बॉल फुटू लागले

मोटर खरेच ताकदवान झाल्याची ही खूण. आधी पातीची टोके बघा. साच्याची बारीक कड राहिलेली असते, ती ४०० नंबरच्या पेपरने गोल करा. तरी फुटत असतील तर मोटरच्या प्लस तारेत १एन५४०० चे दोन डायोड एकामागे एक घाला, दीड व्होल्टच्या आसपास कमी होईल. एकच पुरतो का ते आधी बघा, आणि चाचणी खेळायच्या दिवसाचेच बॉल भरून करा. डब्यात महिनाभर पडून वाकडे झालेले बॉल कुठल्याही सेटिंगला फुटतात.